विश्लेषण : शब्द चुकले, कविता पोहोचली! चार मिनिटांच्या तीन जपानी गाण्यांची गोष्ट

इगोर स्ट्राव्हिन्स्की म्हटले की ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ आठवते आणि २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या नाट्यगृहात उडालेला गोंधळ आठवतो. ते अवाढव्य काम हातावेगळे करत असतानाच या रशियन संगीतकाराने तीन इवलीशी गाणी लिहिली. शब्द हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जपानी कवींचे. एक गायिका, नऊ वादक आणि तिन्ही गाणी मिळून जेमतेम चार मिनिटे. ‘जपानी गीतत्रयी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत एकही जपानी सूर नाही, एकही जपानी वाद्य नाही आणि तीनपैकी दोन कवींची नावेही चुकीची छापली आहेत. तरीही जपानी साहित्यावर पाश्चात्त्य संगीतात जे जे झाले, त्याची चर्चा या चार मिनिटांना वळसा घालून पुढे जात नाही. याच गोष्टीचा एक धागा मद्रास, लाहोर आणि बनारसमधूनही जातो.

‘चेंबर साँग सायकल’ म्हणजे काय?

एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने ऐकायची गाण्यांची माळ म्हणजे साँग सायकल. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे आलेले ‘गीतरामायण’ ही ५६ गाण्यांची अशीच माळ. फरक इतकाच की युरोपातल्या अशा माळेत कथा असतेच असे नाही. एखादा ऋतू किंवा मनाची एखादी अवस्था एवढा धागाही पुरतो.

‘चेंबर’ म्हणजे दालन. दालनात मावतील एवढेच वादक आणि प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र काम. शंभर जणांचा वाद्यवृंद ही जत्रा मानली तर हे बैठकीचे गाणे. स्ट्राव्हिन्स्की यांनी या त्रयीसाठी दोन बासऱ्या, दोन क्लॅरिनेट, पियानो आणि चार तंतुवाद्ये घेतली. ‘राइट’साठी शंभरएक वादक लागतात. दोन्ही रचना एकाच माणसाने एकाच काळात, त्याच टेबलावर लिहिल्या, हे लक्षात ठेवलेले बरे.

कविता कोणत्या आणि त्यांत आहे काय?

तिन्ही कविता ‘वाका’ प्रकारातल्या. पाच ओळी, त्यांत अनुक्रमे ५, ७, ५, ७, ७ अशी एकूण ३१ अक्षरे. इथे ‘अक्षरे’ हा शब्द थोडा ढिला आहे. जपानी माणूस मोजतो ते आपल्या मात्रेच्या जवळचे एकक. दीर्घ स्वराच्या दोन धरतात, शब्दाच्या शेवटी येणारा ‘न्’ स्वतंत्र धरतात. मात्रावृत्तांत वाढलेल्या मराठी कानाला हे समजावून सांगावे लागत नाही. युरोपीय कानाला लागते.

पहिली कविता आठव्या शतकातल्या यामाबे नो आकाहितो यांची. प्रियजनाला दाखवावीत म्हणून मनात योजलेली आलुबुखाराच्या जातीच्या झाडाची शुभ्र फुले. पण बर्फ पडू लागले आणि आता फूल कुठले, हिमकण कुठला, हेच ओळखता येईना. दुसरी मिनामोतो नो मासाझुमी यांची. दरीतल्या वाऱ्याने नदीवरचा बर्फ तडकतो, प्रत्येक फटीतून पांढरे पाणी उसळते आणि कवी विचारतो की वसंतातली पहिली फुले हीच तर नव्हेत? तिसरी की नो त्सुरायुकी यांची. डोंगरांच्या घळीत पांढरे ढग दिसताहेत, म्हणजे चेरी फुललेली दिसते.

तिन्हींचा विषय वसंत. पण तिन्हींना बांधणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक कवितेत एक पांढरी वस्तू दुसऱ्या पांढऱ्या वस्तूसारखी दिसते आणि डोळा क्षणभर फसतो. शाळेत भ्रांतिमान आणि ससंदेह हे अलंकार पाठ केलेल्यांना हा खेळ लगेच ओळखू येईल. जपानी काव्यशास्त्रात याला ‘मिताते’ म्हणतात, म्हणजे एका वस्तूत दुसरी पाहणे. मासाझुमी आणि त्सुरायुकी यांच्या कविता ‘कोकिनश्यू’ या संग्रहात आहेत. सम्राटाच्या आज्ञेवरून इसवी सन ९०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या संग्रहाचे एक संपादक स्वतः त्सुरायुकीच. त्याची जपानी प्रस्तावनाही त्यांचीच, आणि ती प्रस्तावना या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

या कविता एका रशियन माणसाच्या हाती कशा लागल्या?

सरळ वाटेने नाही. १९१२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये ए. ब्रांट यांनी केलेल्या रशियन अनुवादांचे ‘जपानी भावकविता’ हे छोटे पुस्तक निघाले. अनुवाद मूळ जपानीवरून नव्हते, जर्मनवरून होते. म्हणजे जपानीतून जर्मन, जर्मनमधून रशियन. पुढे गाणी छापायची ठरली तेव्हा पॅरिसमधले संगीतकार मोरीस देलाज यांनी रशियनवरून फ्रेंच शब्द बसवले. आकाहितोंची कविता चौथ्या भाषेत पोहोचली होती.

इतक्या हातांतून जाताना जे होते ते झाले. ३१ मात्रांची घडी मोडली. सूचकपणे सांगितलेले बरेचसे उघडउघड झाले. जपानी कवितेतले फूल कुठल्या झाडाचे हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते, इथे ती नुसती ‘पांढरी फुले’ राहिली. मासाझुमी यांचे ‘माझात्सुमी’ झाले, त्सुरायुकी यांचे ‘त्सारायुकी’ झाले आणि गाण्यांची शीर्षके म्हणून हीच नावे पक्की बसली. दहाव्या शतकात ज्याने जपानी कवितेचा पहिला शाही संग्रह घडवला, त्या माणसाचे नाव युरोपच्या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकांवर शंभराहून अधिक वर्षे चुकीचेच छापले जाते. दोष फक्त स्ट्राव्हिन्स्की यांचा म्हणता येणार नाही, त्यांच्या हातात आलेले पुस्तकच तसे होते. पण कोणी तपासण्याची तसदी घेतली नाही, हेही खरेच.

मग जपानकडून घेतले तरी काय?

त्या काळात युरोपात जपानचे वेड होते. १८५०च्या दशकात जपानची बंदरे उघडली, ठोकळ्यांवरून छापलेली रंगीत चित्रे पॅरिसच्या दुकानांत आली आणि चित्रकारांनी ती झपाटल्यासारखी जमवली. देब्युसी यांच्या ‘ला मेर’च्या १९०५ मधल्या छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर होकुसाईची लाट आहे. १९०४ मध्ये पुच्चिनी यांनी ‘मादाम बटरफ्लाय’मध्ये खऱ्याखुऱ्या जपानी चाली घातल्या, त्यात जपानचे राष्ट्रगीतही आले. पंखा, किमोनो, पाच स्वरांची एखादी चाल एवढे घेतले की ‘जपानी’ शिक्का मारता येत असे.

स्ट्राव्हिन्स्की यांनी ही वाट सोडली. आत्मचरित्रात त्यांनी कारण सांगितले आहे. कविता वाचताना त्यांना जपानी चित्रांची आठवण झाली आणि त्या चित्रांत अंतर व अवकाश ज्या रीतीने हाताळले जाते, तसे काही संगीतात जमेल का, हा प्रश्न त्यांना पडला. युरोपीय चित्रात जवळचे मोठे, दूरचे लहान आणि सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावणाऱ्या. जपानी छापचित्रात पूल, पाऊस, माणूस आणि डोंगर एकाच पातळीवर शेजारी शेजारी. नजरेने आधी कुठे जावे, हे चित्र सांगत नाही.

संगीतात ‘जवळचे’ आणि ‘दूरचे’ काय? त्यांचे उत्तर होते, आघात. शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर पडतो ते पुढे येते, बाकीची मागे राहतात. हा जोरच काढून टाकला, तर ओळ सपाट होईल, छापचित्रासारखी.

आघातावरून वाद का झाला?

रशियन भाषेत आघाताला फार महत्त्व आहे. ‘झामक’ असे पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर गढी आणि दुसऱ्यावर जोर देऊन ‘झमोक’ म्हटले तर कुलूप. लिहिताना दोन्ही शब्द एकच. जोर हलला की नुसता अर्थच बदलत नाही, बिनजोराच्या स्वराचा उच्चारही विरून जातो. म्हणून रशियन संगीतकार शब्दाचा आघात आणि तालाचा ठोका एकमेकांवर बसवण्याची काळजी घेत.

स्ट्राव्हिन्स्की यांनी नेमके उलटे केले. तिन्ही गाण्यांत आघाताची अक्षरे जवळजवळ नेमाने बिनठोक्याच्या जागी टाकली आणि ठोक्यावर दुबळी अक्षरे आणली. पहिल्या गाण्यात तर गायिकेला बहुतेक सारखीच लांबी असलेले स्वर दिले. खाली छोटासा स्वरगट लहऱ्यासारखा फिरत राहतो, वर आवाज एका पातळीवरून चालत जातो, आणि संपले. टाळी कुठे द्यायची हे कळायच्या आत गाणे संपलेले असते.

मॉस्कोच्या संगीतवर्तुळाला हे पाहून धक्का बसला. ‘मुझिका’ हे साप्ताहिक चालवणारे व्लादिमीर देर्झानोव्स्की स्ट्राव्हिन्स्की यांच्या बाजूचे, पण तेही गोंधळले. छापताना काही घसरले तर नाही? गायिकेची ओळ थोडीशी सरकवली तर सगळे आघात जागच्या जागी बसतात, हेही काहींच्या लक्षात आले. म्हणजे चूक अगदी शिस्तीत केलेली होती! स्ट्राव्हिन्स्की यांनी उत्तर पाठवले. त्याचा आशय असा की चूक नाही, जपानी भाषेत आघात नसतो, म्हणून त्यांनी तो मुद्दाम पुसला.

त्यांचे हे म्हणणे अर्धेच खरे होते. जपानीत जोर नाही, पण स्वराची उंची आहे. ‘हाशी’ या शब्दात आधी वरचा आणि मग खालचा स्वर लावला तर जेवायच्या काड्या, उलट केले तर पूल. तेव्हा जपानी बोली पूर्णपणे सपाट नसते. स्ट्राव्हिन्स्की यांना जपानी येत नव्हते आणि त्यांनी जे संगीतात उतरवले ते जपानी उच्चारण नसून जपानीविषयीची एक कल्पना होती. कल्पना ऐकीव होती, पण तिने काम मात्र खरे केले.

मराठी श्रोत्याला या वादाची तीव्रता कदाचित जाणवणार नाही. मराठीत आघात सौम्य आहे आणि ख्यालाच्या बंदिशीत शब्द मधेच तुटून समेवर भलतेच अक्षर आले तरी कोणी तक्रार करत नाही, उलट दाद मिळते. गाण्यात शब्दाने बोलण्यासारखेच वागले पाहिजे, ही अट आपल्याकडे भावगीताला असते, रागसंगीताला नाही. १९१३ च्या रशियात ती सगळ्यालाच होती.

या वादाचे महत्त्व असे की स्ट्राव्हिन्स्की यांनी ही युक्ती नंतर कधी सोडलीच नाही. पुढच्या काही वर्षांत रशियन लोकगीतांवर काम करताना त्यांना दिसले की खेड्यातला माणूसही गाताना आघात हवे तसे हलवतो. ‘ले नोस’ या लग्नगीतांच्या रचनेत हे तंत्र भरात आले. १९५१ च्या ‘द रेक्स प्रोग्रेस’ या इंग्रजी ऑपेरातही अक्षरे ‘चुकीच्या’ ठोक्यावर पडतात म्हणून कुरकुर झालीच. त्यांच्या शैलीची ही ओळखीची खूण पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती या जपानी त्रयीत.

बर्लिनचा शिडकावा

पहिले गाणे ऑक्टोबर १९१२ मध्ये उस्तिलूग या गावी झाले. ते आज युक्रेनमध्ये आहे. डिसेंबरात स्ट्राव्हिन्स्की बर्लिनला गेले आणि तिथे अर्नोल्ड शॉनबर्ग यांची ‘पिएरो ल्युनेअर’ ही नवी रचना त्यांनी ऐकली. एक आवाज, मूठभर वाद्ये, छोट्या छोट्या कविता. परतल्यावर स्वित्झर्लंडमधल्या क्लाराँ इथे उरलेली दोन गाणी लिहिली गेली, ती पहिल्यापेक्षा स्पष्टच वेगळी आहेत. दुसऱ्यात वाद्यांचा सुरुवातीचा खळखळाट इतका लांबतो की गायिका आहे की नाही अशी शंका यावी. बर्फ फुटून पाणी उसळते ते हेच. तिसऱ्यात सूर लांब लांब उड्या मारतात आणि मधली जागा रिकामी राहते. जाणकार इथे शॉनबर्ग यांची छाया दाखवतात. ती आहेच. पण घळ आणि ढग यांच्या कवितेला ती रिकामी जागा शोभते, हेही तितकेच खरे.

१९१३ च्या वसंतात मोरीस राव्हेल क्लाराँला आले. स्ट्राव्हिन्स्की यांनी त्यांना ही गाणी दाखवली, ‘पिएरो’चे वर्णन ऐकवले. राव्हेल यांनी लगेच मालार्मे या फ्रेंच कवीच्या तीन कविता जवळजवळ त्याच वाद्यमेळासाठी घेतल्या आणि पॅरिसला खळबळ उडवून देणारी एक मैफल योजली. त्यात ‘पिएरो’ही हवे होते, ते जमले नाही. १४ जानेवारी १९१४ रोजी पॅरिसमधल्या ‘सोसिएते म्युझिकाल अँदेपाँदाँत’ या संस्थेच्या कार्यक्रमात स्ट्राव्हिन्स्की यांची जपानी त्रयी, राव्हेल यांचे मालार्मे आणि आणखी एक माळ पहिल्यांदा ऐकवली गेली. ही तिसरी माळ होती मोरीस देलाज यांची ‘चार हिंदू कविता’. त्रयीचे फ्रेंच शब्द लिहिणारे ते हेच देलाज आणि त्रयीतले पहिले गाणे अर्पण केले आहे तेही त्यांनाच. दुसरे फ्लोराँ श्मिट यांना, तिसरे राव्हेल यांना.

देलाज आणि भारत : दुसरी बाजू

देलाज (१८७९-१९६१) हे राव्हेल यांचे शिष्य. घरचे सुखवस्तू, त्यामुळे प्रवासाला मोकळे. १९१२ च्या सुमारास ते भारतात हिंडले, त्याच प्रवासात जपानलाही गेले. पुस्तकातून पूर्व पाहणाऱ्या मित्रांच्या गटातला हा प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस. त्यांच्या चार गाण्यांना मद्रास, लाहोर, बनारस आणि जयपूर अशी गावांची नावे आहेत. दोन गाण्यांचे शब्द भर्तृहरीच्या मुक्तकांचे. हाच भर्तृहरी वामन पंडितांनी सतराव्या शतकात मराठीत आणला. ‘लाहोर’चे शब्द मात्र हाइन्रिश हाइने या जर्मन कवीचे आहेत. उत्तरेतला एकटा वृक्ष दूर पूर्वेकडच्या ताडाचे स्वप्न पाहतो, ही कल्पना पूर्वेची ओढ लागलेल्या युरोपीयाची, म्हणून ती इथे शोभून दिसते.

पण ‘लाहोर’ ऐकण्यासारखे आहे ते त्यातल्या चेलोमुळे. वादकाला एक तार नेहमीपेक्षा खाली उतरवायला सांगितली आहे आणि गजाऐवजी बोटाने छेडून त्याच बोटाने सूर घसरवत न्यायचा आहे. युरोपात तेव्हा हे कोणी करत नव्हते. आपल्याला मात्र ती मींड लगेच ओळखू येते. अमेरिकी संगीत अभ्यासक जान पास्लर यांनी ही ओळ सतारवादक इमदाद खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहिली आणि दोन्हींतले साम्य दाखवले. इमदाद खाँ म्हणजे विलायत खाँ यांचे आजोबा, सतारीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांपैकी काही त्यांच्याच. गाण्याच्या शेवटी गायिका शब्द सोडून देते आणि कधी ओठ मिटून, कधी उघडून नुसते सूर घेत राहते. आलापच म्हणायचा.

त्या एका मैफलीत दोन रीती शेजारी शेजारी उभ्या होत्या. स्ट्राव्हिन्स्की तोवर जपानला गेले नव्हते, त्यांनी जपानी सूर घेतले नाहीत, कवितेच्या बांधणीतून एक तत्त्व उचलले. देलाज भारतात आले, कान देऊन ऐकले आणि वाद्याचा बाजच उचलला. पहिल्या रीतीत मूळ कवीचे नाव निदान चुकीचे का होईना, शीर्षकात आले. दुसरीत ज्याच्या बोटांतून तो सूर आला तो वादक ओळखायला अभ्यासकांना कित्येक दशके लागली. साम्राज्याच्या काळात पूर्वेकडचे काहीही उचलावे, विचारायचे कोणाला, ही वृत्ती दोन्हींच्या मागे होतीच. तरी देलाज यांना नुसते उचलेगिरीत काढणे अन्यायाचे होईल. भारतीय संगीत ‘रानटी’ ठरवणाऱ्या काळात त्यांनी त्याचा सूक्ष्मपणा ऐकला आणि आपल्या वादकांना आपली सवय मोडायला लावली.

‘हायकू’ आणि पुढची वाटचाल

देलाज पुन्हा जपानकडे वळले. १९२०च्या दशकात त्यांनी ‘सात हायकाई’ ही माळ लिहिली, पुन्हा एक आवाज आणि मोजकी वाद्ये. गंमत अशी की नाव हायकूचे असले तरी पहिल्या गाण्याचे शब्द हायकू नाहीतच. ते आहेत ‘कोकिनश्यू’च्या प्रस्तावनेतले, म्हणजे ‘त्सारायुकी’ झालेल्या त्सुरायुकींचेच. हायकू हा प्रकार १७ मात्रांचा आणि त्सुरायुकींच्या काळानंतर कित्येक शतकांनी रूढ झालेला. पण पॅरिसमध्ये तेव्हा जपानी आणि छोटे असे काहीही दिसले की त्याला हायकाई म्हणत. या बाबतीत दुसऱ्यांना हसण्याचे कारण नाही. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकूही मुख्यतः इंग्रजी अनुवादांच्या वाटेने आला आणि १७ ची मोजणी सोडून तीन ओळींत स्थिरावला.

ब्रांट यांच्या त्या छोट्या पुस्तकाचे आयुष्यही तिथे संपले नाही. तरुण दिमित्री शोस्ताकोविच यांनी १९२८ ते १९३२ या काळात जपानी कवींच्या शब्दांवर सहा गाणी लिहिली, त्यातल्या सुरुवातीच्या गाण्यांचे शब्द याच पुस्तकातले. फुले आणि बर्फ मात्र तिथे नाही. प्रेम आणि मरण आहे, एक तार आवाज आहे आणि मागे पूर्ण वाद्यवृंद आहे. ही गाणी त्यांनी नीना वारझार यांना अर्पण केली, पुढे त्यांचे लग्न झाले.

अनुवादांची ही साखळी आपल्या काळापर्यंत येते. अर्नेस्ट फेनोलोसा हे अमेरिकी प्राध्यापक १८७८ पासून टोकियोत शिकवत होते. त्यांनी नोह नाटकांचे कच्चे अनुवाद आणि टिपणे करून ठेवली. त्यांच्या मृत्यूनंतर ते कागद पत्नीने १९१३ च्या सुमारास एझ्रा पाउंड या कवीकडे सोपवले. पाउंड यांना जपानी येत नव्हते. त्या कागदांवरून त्यांनी इंग्रजी नाटके रचली. शंभर वर्षांनी फिनलंडच्या काइया सारिआहो (१९५२-२०२३) यांनी त्यातली दोन उचलली आणि मार्च २०१६ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये ‘ओन्ली द साउंड रिमेन्स’ ही दालनात मावेल एवढी ऑपेरा रंगमंचावर आली. पहिल्या भागात लढाईत मेलेल्या योद्ध्याचे भूत आपल्या आवडत्या वाद्यासाठी परत येते. दुसऱ्यात एका कोळ्याला अप्सरेची पिसांची ओढणी सापडते आणि ती परत मिळवण्यासाठी ती नृत्य करते. सात वादक, त्यांत फिनलंडचे तंतुवाद्य कांतेले. इथेही जपानी वाद्य नाही. नोहमधली ती संथ, ताणलेली वाट पाहणी मात्र आहे.

जपानी संगीतकारांची गोष्ट याच्या बरोबर उलटी. तोरू ताकेमित्सु (१९३०-१९९६) यांना तरुणपणी जपानी पारंपरिक संगीत नकोसे होते, त्यात त्यांना युद्धकाळाचा वास येई. देब्युसी, मेसियाँ यांच्याकडून ते शिकले आणि मग फिरून बिवा, शाकुहाची या घरच्या वाद्यांकडे आले. म्हणजे पॅरिसने होकुसाईच्या चित्रांतून जे घेतले, तेच देब्युसींमार्फत एका जपान्याकडे परत गेले. देणे-घेणे कोणाचे आणि किती, याचा हिशेब इथे लागत नाही.

आज ऐकायचे तर?

स्ट्राव्हिन्स्की यांची त्रयी गाणे ऐकवणाऱ्या बहुतेक अॅपवर सहज सापडते. रशियन आणि फ्रेंच, दोन्ही भाषांत ती गायली जाते. आघाताचा खेळ ऐकायचा तर रशियनच घ्यावी, कारण फ्रेंचमध्ये आघात मुळातच हलका असल्याने मोडायला फारसे काही उरत नाही. पहिल्यांदा ऐकताना शब्दांच्या मागे न लागता तिसऱ्या गाण्यातल्या उड्या आणि त्यांमधली रिकामी जागा ऐकावी. मग लगेच देलाज यांचे ‘लाहोर’ लावावे, चेलो सुरू होताच कान टवकारतील.

शोधताना मात्र एक अडचण येईल. की नो त्सुरायुकी असे बरोबर नाव टाकले तर कवी सापडतो, गाणे सापडेलच असे नाही. गाण्यासाठी अजूनही ‘त्सारायुकी’ हेच टाकावे लागते.